सावरपिंप्री नॅरोगेज : घरातल्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर खानदेशी स्टेशन उभारतानाच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४ : प्रमाण, पाया, रूळ

पाचोरा-जामनेर ही ५६ किलोमीटरची नॅरोगेज २०२० च्या लॉकडाऊनपासून बंद आहे. तिच्यावरचं एखादं स्टेशन हुबेहूब करायचं नाही. त्या पट्ट्यात शोभेल असं ‘सावरपिंप्री’ नावाचं काल्पनिक स्टेशन करायचं आहे. काळ २०१० च्या आसपासचा : डिझेल इंजिन, वाफेच्या दिवसांतली पाण्याची टाकी गंजत उभी, शेतात ठिबक. ऋतू कार्तिकातला : कापूस फुटलेला, गवत पिवळं पडायला लागलेलं, नाल्यात डबक्यापुरतं पाणी. काळ आणि ऋतू आधी कागदावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक झाडाचा, पत्र्याचा आणि गवताचा रंग त्यावरूनच ठरतो.

प्रमाण १:८७. खऱ्या लाइनीवर रुळांतलं अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिमी. त्याला ८७ ने भागलं की ८.७६ मिमी येतं, आणि बाजारातला एन गेजचा (१:१६० च्या मॉडेल गाड्यांचा) रूळ ९ मिमीचा असतो. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही. म्हणून रूळ एन गेजचा, पण इमारती, माणसं आणि झाडं १:८७ ची. अडचण स्लीपरची, म्हणजे रुळांखालच्या आडव्या लाकडांची आहे. एन गेजचे स्लीपर १:१६० च्या मोठ्या लाइनीसाठी बनवलेले असल्यामुळे फार दाट दिसतात. स्लीपरांना जोडणारी प्लास्टिकची पट्टी कटरने कापून एक आड एक स्लीपर काढला की अंतर दुप्पट होतं आणि लाइन नॅरोगेजची वाटू लागते. पॉइंटच्या (एका लाइनीची दुसरी फुटते त्या जागेच्या) खालचे स्लीपर मात्र काढू नका, रुळांतलं अंतर हलतं. तिथे अर्धे स्लीपर मातीत बुडवायचे. नॅरोगेजच्या यार्डात ते विसंगत दिसत नाही.

पाया : ८ बाय ४ फुटांचं १२ मिमीचं प्लाय उभं चिरून दोन भाग केले. एक भाग वरचा पाट, दुसऱ्यातून ७५ मिमी रुंदीच्या पट्ट्या काढून खालची चौकट. आडव्या पट्ट्या ४०० मिमीवर. पाटावर २५ मिमीचा दाट थर्माकोल, कारण नाला खोदायचा तर खाली जागा हवी. थर्माकोल साध्या पांढऱ्या फेव्हिकॉलनेच चिकटवायचा. फेविबाँडसारखे रबरी गोंद त्याला विरघळवतात. प्लाय आणि थर्माकोल मिळून साधारण २,८०० रुपये.

लेआउट वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या खोलीत आहे. थंडीत पहाटे १० अंश, वैशाखात खोलीत ४० च्या वर. निकेल-सिल्व्हरचा रूळ २.४ मीटर लांबीत ३० अंशांच्या फरकाने सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढतो. थंडीत रूळ टोकाला टोक लावून बसवले तर उन्हाळ्यात लाइन नागमोडी होते. म्हणून तीन सांध्यांत जाड व्हिजिटिंग कार्ड अडकवून फट ठेवली. फट ठेवली की जॉइनरवर (दोन रूळ जोडणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) वीज नेण्याचा भरवसा राहत नाही, त्यामुळे प्रत्येक तुकड्याला खालून वायर डाखली.

२४ नोव्हेंबर : स्टेशनची इमारत, सांगाडा

जुन्या दगडी भिंती दीड फूट जाड असायच्या. १:८७ मध्ये त्या सव्वापाच मिलिमीटर होतात, म्हणजे ५ मिमीचा फोमबोर्ड (दोन्ही बाजूंनी कागद लावलेला फोम) जसाच्या तसा भिंत म्हणून चालतो. दाराखिडक्यांची खोली आपोआप बरोबर येते. पातळ कार्डाच्या इमारती खोट्या दिसतात त्या मुख्यतः या खोलीअभावी.

मापं : इमारत ९ बाय ४.५ मीटर, मॉडेलमध्ये १०३ बाय ५२ मिमी. दार २४ मिमी उंच, १२ मिमी रुंद. जोतं ७ मिमी. फलाट अगदी बुटका, ४ मिमी.

कोपरे ४५ अंशांत कापून जोडायचे. नुसती एक भिंत दुसरीवर टेकवली तर कोपऱ्यात फोमची कड दिसते आणि दगडाचे थर वळत नाहीत. कटरचं पातं दर दोन भिंतींनी बदला. बोथट पातं फोम फाडतं आणि कडेला दाणे निघतात. दहा पात्यांची डबी ६०-७० रुपयांत येते, भिंत पुन्हा कापण्यापेक्षा ते स्वस्त.

१ डिसेंबर : दगडकाम

फोमबोर्डाच्या बाहेरच्या बाजूचा कागद ओल्या फडक्याने भिजवून सोलला. आतला फोम उघडा पडतो, त्यावर रिकाम्या बॉलपेनने दगड कोरायचे. थराची उंची २.५ ते २.८ मिमी, म्हणजे खरे २२ ते २४ सेंमी. आधी सगळ्या आडव्या रेषा पट्टीने, मग उभ्या रेषा हाताने. उभ्या रेषा एकाखाली एक आल्या तर भिंत टाइल लावल्यासारखी दिसते. खऱ्या गवंडीकामात सांध्यावर सांधा येऊ देत नाहीत, इथेही तोच नियम. कोपऱ्याचे दगड आळीपाळीने लांब-आखूड. शेवटी अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा दाबून दगडाला खडबडीतपणा आणला.

फक्त बाहेरचा कागद सोललेली पहिली भिंत एका रात्रीत वाकली. आतल्या बाजूचा कागद ओढत राहतो आणि बाहेर त्याला रोखणारं काही नसतं. उपाय दोन : आतूनही कागद काढायचा, किंवा आतल्या बाजूने ६ मिमीच्या प्लायपट्ट्या उभ्या-आडव्या चिकटवून मगच बाहेरून सोलायचं. दुसरा उपाय बरा, इमारत वजनदार होते आणि जागेवर नीट बसते.

रंग : खानदेशातला दगड काळा म्हणून काळाच रंग दिला तर इमारत म्हणजे एक काळं भोक दिसतं. आधी मध्यम करडा, त्यात चिमूटभर तपकिरी. वाळल्यावर काही दगड वेगळे निवडून किंचित निळसर, काही गंजसर. मग फिकट करड्याचा जवळजवळ कोरडा ब्रश वरून फिरवायचा, म्हणजे दगडांच्या कडा उठतात. दगडांमधल्या दर्जांमध्ये चुन्याचा फिकट रंग पाण्यासारखा पातळ करून सोडायचा. त्यात डिशवॉशचा एक थेंब टाकला तर तो खाचेत धावतो, नाहीतर वर थेंब होऊन बसतो. स्प्रेचा रंग उघड्या फोमवर अजिबात मारू नका. त्यातला थिनर फोम खातो आणि कोरलेलं सगळं विरघळून जातं.

८ डिसेंबर : मंगलोरी कौलं

दुपाखी छप्पर, उतार ३० अंश. मंगलोरी कौल साधारण ४१ बाय २३ सेंमीचं, पण वरच्या कौलाखाली काही भाग झाकला जातो. दिसणारी उंची ३२ सेंमी धरली तर मॉडेलमध्ये ३.७ मिमी.

कौलांसाठी बारीक नाळीचा पुठ्ठा लागतो. काचेचे ग्लास आणि बल्ब ज्यात येतात त्यातला काही पुठ्ठा चालतो. १० सेंमीत ४० च्या आसपास नाळ्या मोजून घ्या, नेहमीच्या खोक्याचा पुठ्ठा फार जाड पडतो. वरचा कागद वाफ देऊन सोलायचा. भिजवून काढला तर नाळ्या बसतात.

सोललेला अख्खा तुकडा छपरावर लावला तर तो पत्रा दिसतो, कौलं दिसत नाहीत. नाळ्यांना आडव्या ४.५ मिमीच्या पट्ट्या कापून खालून वर चढवत न्यायच्या, प्रत्येक पट्टी खालचीवर पाऊण मिलिमीटर. अशा पट्ट्यांनी आडव्या ओळींची सावली पडते. खाली कार्डावर ३.७ मिमीच्या रेषा आखून घ्या, नुसत्या नजरेने ओळी तिरप्या जातात. आढ्यावरची कौलं जाड कागदाच्या ५ मिमीच्या पट्टीची, मधे घडी घालून. कड्यांना (छपराच्या लाकडांना) आणि रिपांना उदबत्तीच्या काड्या.

रंग एकसारखा लाल नको. तीन छटा करून कौलं वेगवेगळी रंगवली, आढ्याजवळ काळपट, पागोळीकडे किंचित फिकट. एखादं नवं नारिंगी कौल मधेच. दोन-तीनच पुरेत, जास्त झाली की छप्पर ठिपक्यांचं होतं.

२९ डिसेंबर : पाण्याची टाकी

रेल्वेच्या जुन्या टाक्या ४ फूट चौरस दाबीव पोलादी पत्र्यांच्या असतात. ४ फूट म्हणजे इथे १४ मिमी. तीन बाय दोन बाय दोन पत्रे घेतले, टाकी ४२ बाय २८ बाय २८ मिमी. माउंटबोर्डाचे (जाड, कडक कार्डाचे) १४ मिमीचे चौकोन कापून मागून बॉलपेनने चौकटीच्या कर्णांत दाब दिला, पुढून तो उठाव दिसतो. चौकोनांमधली फट बुजवू नका, तिथे पत्र्यांच्या कडा बोल्टने जोडलेल्या असतात. तिथे ०.५ मिमीच्या कार्डाची पट्टी उभी लावली. खाली दगडी खांब, स्टेशनच्या भिंतीसारखेच कोरलेले.

गंज : तपकिरी रंगाला रेड ऑक्साइडची कोरडी पूड बोटाने चोळली. ओळी वरून खाली जातील अशा ओल्या ब्रशने ओढायच्या. पाणी गळून वाहिल्याच्या जागी, म्हणजे सांध्यांखालीच गंज जास्त. सगळीकडे सारखा गंज खोटा वाटतो.

१२ जानेवारी २०२५ : जिनिंगचं शेड आणि पत्रे

या पट्ट्यात स्टेशनजवळ जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना नसेल तर चित्र अपुरं. शेड २०० बाय ९० मिमी, तिन्ही बाजू विटांच्या, पुढचा भाग उघडा. भिंतींवर मुद्दाम लिहिण्यासारखं काही नाही. पत्र्यांवर मात्र वेळ गेला.

खऱ्या पत्र्याच्या दोन नाळ्यांमधलं अंतर ३ इंच, १:८७ मध्ये ०.८७ मिमी. एम-५ च्या (५ मिमी जाडीच्या) आट्यांच्या रॉडची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.८ मिमी असते, म्हणजे तो रॉडच साचा. रॉड १०० मिमी कापून घ्यायचा. खाली जुन्या सायकलट्यूबचं रबर पसरायचं, त्यावर पार्सलच्या अॅल्युमिनियम डब्याचा सपाट तुकडा, आणि वरून रॉड दोन्ही हातांनी दाबून एकदाच लाटायचा. पुन्हा मागे आणला तर दुसऱ्या रेषा पहिलीवर बसत नाहीत आणि जाळी होते. किचन फॉइल फार पातळ, ती फाटते. डब्याचा पत्रा योग्य.

रेषा तिरप्या येतात म्हणून बराच माल वाया गेला. रॉडच्या आट्याला तिरपेपणा असतो, एम-५ ला सुमारे ३ अंश. ४० मिमी लांबीत रेषा २ मिमी सरकते. तुकडा आधी चौकोनी कापून लाटला तर पत्रा वाकडा दिसणारच. आधी लाटायचं, मग रेषांना काटकोन धरून कापायचं.

एक पत्रा ९ बाय २८ मिमी, म्हणजे खऱ्यातला ८ फुटी. शेजारच्या पत्र्यावर एक नाळी चढवायची. चिकटवायला फेविबाँड, कारण खाली कार्ड आहे, फोम नाही. चिकटवण्याआधी साबणाने धुऊन स्प्रे प्रायमर मारला. प्रायमरशिवाय अॅक्रिलिक रंगाचे नखाने पोपडे निघतात.

कापसाचे ढीग कापसाचेच केले तर तंतू उभे राहतात आणि ढग ठेवल्यासारखं दिसतं. रवा दिसायला उत्तम, पण त्याला किडे लागतात. वॉल पुट्टीत थर्माकोलचा किसलेला चुरा कालवून ढीग रचला, वाळल्यावर खरखरीत कागदाने हलकं घासलं. हे टिकतं. तयार गाठी मीटरभर लांब, म्हणजे १२ मिमी. इरेजर कापून केल्या, वर पांढऱ्या दोऱ्याचे पट्टे. गाठ १७० किलोची असते, म्हणून एकटा माणूस ती उचलताना दाखवू नका.

२ फेब्रुवारी : धाब्याची घरं

स्टेशनमागे पाच घरांची वस्ती. कौलारू घरं सगळ्यांच्या लेआउटवर असतात, खानदेशची ओळख धाब्यावरून, म्हणजे मातीच्या सपाट छपरावरून. छप्पर सपाट दिसलं तरी पन्हाळाच्या बाजूला किंचित उतार हवा, ६० मिमीला १ मिमी पुरे. भिंतींबाहेर कड्यांची टोकं दिसतात : उदबत्तीच्या काड्या, ६ मिमी अंतरावर, २ मिमी बाहेर. भोकं सुईने आधी पाडून ठेवली तर काड्या रांगेत बसतात. पन्हाळ म्हणून टेलिफोनच्या वायरीचं रिकामं आवरण, ४ मिमीचे तुकडे.

मातीचा गिलावा वॉल पुट्टीचा. पहिल्या घरावर तो जाळीदार तडकला. थर मिलिमीटरहून जाड होता आणि फोमबोर्डाच्या कागदाने पाणी ओढलं. नंतर भिंतीला आधी अॅक्रिलिक प्रायमरचा हात दिला, पुट्टीत एक दशांश फेव्हिकॉल मिसळलं आणि दोन पातळ थरांत काम केलं. ब्रश आडवा फिरवून हाताने सारवल्याची वळणं ठेवली.

धाब्यावरची खारी (छपरावर पसरतात ती माती) फिकट, राखाडीकडे झुकणारी. पुट्टीत चिमूटभर यलो ऑक्साइड आणि थोडी चाळलेली राख. भिंतीचा रंग त्याहून गडद हवा, दोन्ही एकच ठेवले तर घर साबणाच्या वडीसारखं दिसतं. पन्हाळाखाली भिंतीवर ओघळाची गडद रेघ, आणि जोत्याशी उडालेल्या मातीचा वीतभर पट्टा. खरी वीत, म्हणजे इथे अडीच मिलिमीटर.

२३ फेब्रुवारी : खडी, आणि लोहचुंबक

नॅरोगेजच्या खडीचा दाणा ४० मिमी धरला तर इथे अर्धा मिलिमीटर. क्रशरवरची कच (दगडाचा चुरा) फुकट मिळते. ती तीनदा धुतली, उन्हात वाळवली, मग चाळली : १ मिमीच्या जाळीतून खाली पडणारी आणि ०.५ च्या जाळीवर राहणारी मोठ्या लाइनीला, ०.५ मधून पडणारी पण मैद्याच्या चाळणीवर राहणारी आपल्या कामाची. न धुता टाकली तर पीठ गोंदाबरोबर वर येतं आणि लाइनीवर सिमेंटसारखा राखाडी पापुद्रा बसतो.

पुढची पायरी वगळू नका. आपला दगड बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. जुन्या स्पीकरचं चुंबक पॉलिथिनमध्ये गुंडाळून वाळलेल्या कचेवर फिरवलं की त्याला काळी दाढी फुटते. हे कण लाइनीवर राहिले तर इंजिनाच्या मोटरचं चुंबक त्यांना ओढून घेतं, ते गिअरमध्ये जातात आणि दात झिजतात. कच पातळ पसरून, चुंबकाला काहीही लागेनासं होईपर्यंत फिरवायचं. नदीची वाळू वापरणार असाल तरी हेच करा, तिच्यातली काळी झाक बहुतेक त्याचीच.

चिकटवण्याची रीत : खडी कोरडी पसरून मऊ ब्रशने स्लीपरच्या मधे सारायची, रुळाच्या आतल्या कडेला दाणा राहता कामा नये. मग पाणी आणि डिशवॉशचे दोन थेंब स्प्रेच्या बाटलीतून दूरवरून धुक्यासारखे, खडी पूर्ण ओली होईपर्यंत. मग फेव्हिकॉल १ भाग, पाणी ३ भाग, सिरिंजने कडेकडेने सोडायचं. आधी ओलं न करता गोंद टाकला तर त्याचे गोळे होतात आणि खड्डे पडतात. पॉइंटच्या हलत्या पात्यांखाली आधी शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब द्यायचा, आणि गोंद ओला असताना पॉइंट अधूनमधून हलवत राहायचा. वाळल्यावर खडी दोन छटांनी गडद होते, म्हणून नमुना पुठ्ठ्यावर करून बघा.

१६ मार्च : काळी माती

वावरातली खरी माती हाताशी असताना दुसरं काही कशाला, असं वाटतं. वस्त्रगाळ माती फेव्हिकॉलच्या पाण्याने बसवली आणि दोन दिवसांत तिच्या पापड्या सुटल्या. कपाशीची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, तो तिचा मूळ गुणधर्म. मॉडेलमधली २ मिमीची भेग म्हणजे खऱ्या वावरात १७ सेंमीची. वैशाखात तेही शोभलं असतं, कार्तिकात नाही. शिवाय आकसताना तिने थर्माकोलवरचा कागदाचा थर उचलला. माती तव्यावर भाजूनही उपयोग नाही, पुन्हा पाणी मिळालं की ती फुगतेच.

चाललेली रीत : आधी तपकिरी-करड्या रंगाचा हात. त्यावर चुंबकाने साफ केलेल्या कचेचं बारीक पीठ, ब्लॅक ऑक्साइड आणि थोडं रेड ऑक्साइड लावून रंगवलेलं, नेहमीच्या गोंदाने. हे पूर्ण वाळल्यावर मॅट व्हार्निशचा पातळ हात, आणि तो चिकट असतानाच खरी माती नायलॉनच्या मोज्यातून धुळीसारखी झटकायची. पाण्याचा थेंब नाही, थर धुळीइतका, त्यामुळे भेग नाही. मातीत आधी पाचास एक या प्रमाणात खडूची पूड मिसळली. घरातल्या उजेडात खरी माती खऱ्यापेक्षा काळी दिसते.

दिव्याचंही बघा. पांढऱ्याशुभ्र ६५०० केल्विनच्या एलईडीखाली ही माती निळी दिसते. ४००० केल्विनची ट्यूब लावून मगच रंग ठरवा.

सऱ्यांसाठी माउंटबोर्डाची फणी केली, दात १४ मिमीवर, कारण कपाशीच्या दोन ओळींत ४ फूट. कचेचा थर ओला असताना ओढली. कपाशीची झाडं काथ्याच्या छोट्या झुबक्यांची, १३-१४ मिमी उंच. गडद हिरवा रंग, खालची पानं लालसर, आणि फुटलेली बोंडं पुट्टीत टूथपिक बुडवून. बोंडं झाडाच्या मधल्या आणि खालच्या भागात जास्त ठेवा, कापूस खालून वर फुटत जातो. शेंड्यावरच पांढरे ठिपके दिले तर ते फुलांचं पीक वाटतं.

६ एप्रिल : केळीची बाग

सगळ्यात जास्त वेळ याने खाल्ला आणि तो वसूलही झाला.

जळगावकडची लागवड सर्वसाधारणपणे ५ बाय ५ फुटांची. १:८७ मध्ये झाडाला झाड साडेसतरा मिमीवर. ३५० बाय १६० मिमीच्या तुकड्यात २० गुणिले ९, म्हणजे १८० झाडं. प्रत्येकाला आठ पानं धरली तर १,४४० पानं. इथेच बहुतेक जण बाजारातली प्लास्टिकची पामची झाडं लावून मोकळे होतात आणि बाग नारळाची होते.

पान : खरं पान दीड ते दोन मीटर लांब, ६० सेंमी रुंद. मॉडेलमध्ये २० बाय ७ मिमी. क्रेप कागद वापरू नये, दमटपणाने लोळतो आणि रंग उडतो. झेरॉक्सचा साधा कागद दोन्ही बाजूंनी अॅक्रिलिकने रंगवला : हिरव्यात भरपूर पिवळा, मागची बाजू फिकट. एकच बाजू रंगवली तर कागद वळतो आणि खालून पांढरं दिसतं. ७ मिमीच्या पट्ट्या, उभी घडी, कात्रीने अर्ध्या पानाचा आकार, बुडाशी ३ मिमीचा देठ. उघडल्यावर कडेपासून शिरेकडे तिरप्या चिरा द्यायच्या, एका बाजूला तीन-चार. वाऱ्याने फाटलेलं पान हीच केळीची खूण. शेवटी पान सुईवरून ओढून मधोमध कमान.

खोड : कान साफ करायच्या कागदी काड्या, जाडी सुमारे अडीच मिलिमीटर, म्हणजे खरी २२ सेंमी. उंची २३ मिमी. फिकट हिरवा रंग, त्यावर तपकिरी उभे फराटे. पानं टोकाला गोल फिरत लावायची, दोन पानं कधीच समोरासमोर एका उंचीवर नाहीत. मधलं कोवळं पान गुंडाळीसारखं उभं. खाली खाकी कागदाची दोन-तीन सुकलेली पानं खोडाला लगटून.

पूर्ण झाडं फक्त जिथे नजर जाते तिथे : पुढच्या दोन ओळी आणि दोन्ही बाजूंच्या दोन-दोन, मिळून ६८. आतल्या ११२ झाडांना चारच पानं, खोड न रंगवता. आतली जमीन जवळजवळ काळी रंगवून टाकली, बागेत तसाही अंधार असतो. आतली झाडं आधी लावा. बाहेरची आधी लावली तर आत हात जात नाही आणि पानं मोडतात.

घड एम-सीलचे, कडेच्या दहा झाडांना. फण्या टाचणीने दाबून. केळफुलाला गडद जांभळ्याचा ठिपका. ठिबकची लॅटरल (ओळीतली नळी) १६ मिमीची असते, इथे ०.१८ मिमी, म्हणजे साधा काळा शिवणदोरा. तो मेणावरून ओढून घ्यायचा, नाहीतर तंतू उभे राहतात. बांधाला वाऱ्यासाठी शेवरीची दाट रांग, ४५ मिमी उंच.

कागद, काड्या, रंग मिळून ४०० रुपयांच्या आत. संध्याकाळी तासभर बसून महिना लागतो, हे धरून चला.

२७ एप्रिल : उन्हाळ्याचा हिशेब

खोलीत थर्मामीटर ४३. ग्लू गनने लावलेलं सगळं सैल झालं : पार्श्वभूमीचा हार्डबोर्ड एका कोपऱ्यात सुटून पुढे आला, शेडचे दोन खांब कलले. ग्लू स्टिक एवढ्या उष्णतेत पूर्ण वितळत नाही, पण भार असेल तिथे सावकाश सरकत जाते. हार्डबोर्ड स्क्रूने, खांब एरल्डाइटने पक्के केले. आपल्याकडे ग्लू गन फक्त तात्पुरतं धरून ठेवायला.

लाइन सरळ आहे. तिन्ही फटी जवळजवळ मिटल्यात.

कूलर सुरू केल्यावर नवीच अडचण : ओल्या हवेचा झोत थेट लेआउटवर येत होता आणि शेडच्या माउंटबोर्डाच्या भिंतीला पोट आलं. कूलरचं तोंड फिरवलं, आणि कार्डाच्या सगळ्या भिंतींना आतून व्हार्निशचा हात दिला. बाहेरून रंग असतोच, आतली बाजू कोरी राहते आणि तीच ओल ओढते.

११ मे : नाला, डोंगर

थर्माकोल कोरून नाला काढला. चुरा घरभर होतो, व्हॅक्युम क्लीनर सुरू ठेवूनच कापा. दरडीसाठी प्लास्टर ऑफ पॅरिस चुरगळलेल्या फॉइलवर ओतलं : दोन वाट्या प्लास्टर, एक वाटी पाणी, चिमूटभर लिंबूफूल. लिंबूफुलाशिवाय ते पातेल्यातच आवळतं. आपला दगड आडव्या थरांचा आहे, त्यामुळे तुकडे लावताना भेगा आडव्या राहतील असंच फिरवून लावायचं. उभ्या कड्यांची दरड इथली वाटत नाही.

पाणी फक्त दोन डबकी. तळ हिरवट-तपकिरी, त्यावर ग्लॉस व्हार्निशचे पातळ थर, प्रत्येक थर पूर्ण वाळू देऊन. नाल्यातली वाळू फिकट, काठाशी ओलसर गडद.

मागचा डोंगर अजिंठ्याच्या रांगेसारखा, वरून सपाट आणि पायऱ्यापायऱ्यांचा. पहिल्यांदा हिरवा रंगवला होता, तो लेआउटवर चालून येत होता. आभाळाच्याच रंगात थोडा जांभळट करडा मिसळून पुन्हा रंगवल्यावर तो मागे गेला. क्षितिजाजवळचं आभाळ जवळजवळ पांढरं ठेवा.

१ जून : झाडं

निंब ११५ ते १४० मिमी. जुन्या केबलमधली तांब्याची बारीक तार, ४० पदर एकत्र पिळून, वर जाताना दोन-दोन वेगळे करत फांद्या. फेव्हिकॉल आणि पुट्टीचा लेप, वर गडद करडा. पाल्यासाठी गादीचा फोम मिक्सरमध्ये पाणी घालून दळला. कोरडा दळला तर पात्याला गुंडाळतो आणि गरम होतो. भांडं स्वयंपाकाचं नको. फोम जुना, पिवळा पडलेला घेऊ नका, वर्षभरात त्याची भुकटी होते.

बाभळीला वाळलेल्या तुळशीच्या फांद्या चांगल्या. आधी पातळ फेव्हिकॉलमध्ये बुडवून वाळवायच्या, नाहीतर हात लागला की तुटतात. बाभळीचा पाला विरळ ठेवा, आरपार दिसलं पाहिजे.

२२ जून : पावसाळ्याची पहिली ओल

बांधावर पालापाचोळा म्हणून वापरलेल्या चहाच्या चोथ्यावर बुरशी आली. तेवढा भाग खरवडून काढला, जागेवर लाकडाचा भुसा रंगवून टाकला. भुसा वखारीतून आणल्यावर आधी कडक उन्हात वाळवा. गोंदाच्या पाण्यात आता डेटॉलचे थोडे थेंब घालतो.

पॉलिथिनने लेआउट झाकू नका, आत ओल साचते. जुनी सुती चादर बांबूच्या चौकटीवर टाकली, झाडांच्या शेंड्यांपासून ५० मिमी वर.

राहिलेलं काम : स्टेशनची पिवळी पाटी काळ्या अक्षरांत, वर मराठी, खाली हिंदी आणि इंग्रजी. प्रिंट मॅट कागदावर काढायची, चकचकीत फोटोपेपर दिव्यात चमकतो. फलाटावरचे बाक, जिनिंगसमोर दोन बैलगाड्या आणि एक ट्रॅक्टर. चाकाचा व्यास मोजून मगच ट्रॅक्टर विकत घ्या : मागचं चाक खऱ्यात दीड मीटरच्या आत असतं, म्हणजे इथे १६ ते १७ मिमी. खेळण्यांच्या दुकानातले बहुतेक ट्रॅक्टर १:८७ हून मोठे असतात आणि ते धाब्याच्या घरांशेजारी ठेवल्याबरोबर घरं लहान दिसतात.